कमानीवरची फांदी

फोटो पुन्हा अर्ध्यावर अडकला. आभाळ आलं, छप्पर आलं, भिंतीची एक पट्टी आली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ती चकती गोल गोल फिरू लागली. कमान त्या पट्टीच्या खालीच असणार होती.

"काका, झालं का? जेसीबीवाला सारखा फोन करतोय," रॉबिन चर्चच्या दारातून ओरडला.

"येतंय," आतल्या बाकावरून इसहाक म्हणाले. सकाळपासून ते हेच म्हणत होते.

रविवारची उपासना संपली होती. देवळाली प्रवरेपलीकडच्या त्या लहानशा गावातले पंच चर्चसमोरच्या लिंबाखाली बसून होते. रॉबिन त्यांचा अध्यक्ष. दारावरची जुनी दगडी कमान पाडून तिथं काचेचा उंच दर्शनी भाग उभा करायचा, हे त्याने ठरवून टाकलं होतं. नमुना मोबाईलवर होता आणि तो सगळ्यांना आवडला होता. "जगातली समदी चर्चेस बघा कशी उंच हायेत. आपलंच तेवढं किल्ल्याच्या दारावानी," तो म्हणायचा. सवलत एकच दिली होती. "साहेबानं बांधलेली असंल तर हात लावनार न्हाई. पन पुरावा दावा."

कमान मिशनच्या अमेरिकन साहेबाने बांधली, हे गावात लहान पोरही सांगे. कोणत्या साहेबाने, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इसहाकांनी संगमनेरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलं होतं, म्हणून शोध त्यांच्या गळ्यात पडला. तसं बैठकीत ते हळूच "पाडू नका" म्हणालेही होते. ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

घरी सुनेच्या लॅपटॉपवर त्यांनी डोळे फोडले. परदेशातल्या एका ग्रंथालयाने सभासद क्रमांक मागितला. दुसऱ्याने विद्यापीठाचं नाव मागितलं. तिसऱ्याने तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणून पुलांची चित्रं निवडायला लावली, आणि त्यांनी निवडलेले पूल चुकीचे ठरवले. पुन्हा निवडले, पुन्हा चुकले. आपल्याला साधा पूल ओळखता येत नाही, आपण कमान काय ओळखणार, असं त्यांच्या मनात येई.

तरी पुष्कळ वाचून झालं. कमानीचं टोक आणि तिच्या खांद्यांवरची दोन गोल फुलं नगरच्या निजामशाही इमारतींसारखी होती. अमेरिकन माणसाने अशी कमान का बांधावी? साहेब रसिक असला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. कमानीच्या मधल्या दगडावर एक फांदी कोरलेली होती. ती नोहाच्या कबुतराने आणलेली ऑलिव्हची फांदी, असं ते स्वतः संडे स्कूलच्या मुलांना शिकवत आले होते. इटलीतल्या चर्चच्या दगडांवरचे ऑलिव्ह त्यांनी पडद्यावर मोठे करून पाहिले. जुळत नव्हते. इथली पानं फार लांब, फळं फार दाट. गावातल्या पाथरवटाला काही जमलं नाही, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. काल रात्री मात्र मिशनच्या एका जुन्या संग्रहात याच चर्चचा फोटो सापडला होता, आणि तोच आता अर्ध्यावर अडकला होता.

शेवटी ते लॅपटॉप घेऊन बाहेर आले आणि कमानीखालच्या पायरीवर बसले. तिथं रेंज होती. उरलेला फोटो एकदम खाली उतरला. पंच उठून भोवती वाकले.

दारात पांढऱ्या कपड्यांतला साहेब हातात टोपी घेऊन उभा होता. त्याच्या मागे बुटकं दार. दारावर सरळ लाकडी तुळई. कमान नव्हती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं. ते इसहाकांनी मराठीत वाचून दाखवलं, कारण सगळे वाट बघत होते. "पूर्ण झालेलं चर्च. मी मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी."

रॉबिन मोठ्याने हसला. "काका, पुरावा शोधला खरा. पन आमच्या बाजूनं!"

इसहाकांचे कान तापले. इतक्या रात्री जागून त्यांनी कमानीच्या विरुद्धच साक्ष गोळा केली होती. लॅपटॉप मिटून घरी जावं, असं त्यांना वाटलं.

"मंग कमान केली कुनी?" पंचांतल्या सर्वांत वयस्कर सत्यशीलाबाई म्हणाल्या. "साहेब तर निघून गेल्ता."

"कुनी का करंना, मावशी. आपल्या लोकास्नी कुठं येतंय असलं काम!"

इसहाकांनी मान वर केली. कमानीकडे साहेबाला वगळून ते पहिल्यांदाच बघत होते.

कापणीच्या सणाला गावाची पहिली कणसं कमानीच्या कडीला बांधायची रीत होती. यंदाची पेंढी वाळून अजून तिथंच लोंबत होती. तिची लांब पानं वाऱ्याने मधल्या दगडाला घासत होती. दगडावरचीही पानं तशीच लांब होती. दाणे तसेच दाट होते. ऑलिव्ह नव्हताच तो. ज्वारीचं कणीस होतं, आणि गावातल्या पाथरवटाचा हात कुठंही चुकला नव्हता.

त्यांनी मधल्या दगडाकडे बोट केलं.

रॉबिनने वर पाहिलं. ती पेंढी त्यानेच शिडीवर चढून बांधली होती. त्याने पेंढीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, पुन्हा पेंढीकडे पाहिलं. सत्यशीलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

रॉबिनच्या खिशात फोन वाजला. बराच वेळ वाजू देऊन त्याने तो कानाला लावला.

"हां, बोल. व्हय, सापडला फोटो. न्हाई, कमान साहेबाची न्हाई निघाली." त्याची नजर अजून वरच होती. "म्हनून तर सांगतोय, जेसीबी आनू नको."