खोक्यातलं दूध

रिपोर्ट पुन्हा वरच होता.

सुलक्षणानं तो लॅबच्या पायरीवरच उघडला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. कोलेस्टेरॉल गेल्या खेपेपेक्षाही जास्त. म्हणजे एवढे दिवस जिवाचं रान केलं ते कशासाठी? मागं सासू, मुक्ताबाई, पदर सावरत उभी होती.

"कमी आलं का गं?"

"लई कमी आलंय. नाचा आता!"

सुलक्षणा तिला मागं टाकून शिरूरच्या स्टँडकडं तरातरा निघाली. वडगाव रासाईत, घरी, तिचा नवरा विक्रम बसला होता. ऐन उमेदीत दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस, आणि आला की भिंतीला टेकून गप. सुलक्षणाची किडनी जुळली नाही. जुळली ती त्याच्या आईची.

पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र अट घातली होती. "एक काढल्यावर दुसरीला एकटीनं उरलेला जन्म काढायचा आहे. यांच्या रक्तातली चरबी खाली आणा, तोवर मी हात लावणार नाही." गोळी देऊन पाहिली, तर मुक्ताबाईचे पाय असे आखडून आले की ती बंद करावी लागली. मग डॉक्टरांनी खोक्यातलं दूध सुचवलं. त्यातली साय काढलेली आणि वर वनस्पतींतलं काहीतरी घातलेलं. ते पोटातच कोलेस्टेरॉलची वाट अडवतं म्हणे. रोज नेमानं घेतलं, वरचं तूप-साय बंद केलं, तर फरक पडतो.

गोठ्यात म्हशी बांधलेल्या आणि दूध आणायचं शिरूरच्या मेडिकलमधून! शेजारच्या सोजराबाईनं तोंडावर विचारलं, "म्हशी आटल्या का गं तुमच्या?" सुलक्षणानं मनातल्या मनात तिला चार शिव्या हासडल्या आणि खोकी फ्रीजमध्ये रचली. तेल बदललं. भाकरीवरचं लोणी बंद केलं. सासूच्या ताटात काय पडतं यावर ती मांजरीसारखी टपून बसायची.

आणि तरी रिपोर्ट वर!

चोरून खाते म्हातारी, दुसरं काय? घरी ठेवलेल्या म्हशीच्या दुधावरची साय रोज कमी भरायची. पोरं तिला हात लावत नव्हती, त्यांना साय बघूनच ओकारी यायची. मागच्याच आठवड्यात सुलक्षणानं सरळ विचारलं होतं.

"आत्या, साय कुठं जाती?"

"त्या पातेल्याला माझा हात लागला असंल, तर झडून जाऊ दे," मुक्ताबाई म्हणाली होती. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली होती, हे विशेष.

घरी पोचल्यावर सुलक्षणानं रिपोर्ट विक्रमच्या मांडीवर टाकला.

"बघा तुमच्या आईचे प्रताप. लेक मरायला टेकलाय आन् हिचे जिभेचे चोचले सुटंनात!"

"हळू बोल. ओसरीत बसलीय ती."

"ऐकू दे की! मी काय कुणाला भिती?"

विक्रमनं रिपोर्ट वाचलाही नाही. घडी घालून उशीखाली सारला. "न्हाई नशिबात, तर न्हाई. डॉक्टर म्हणलेत, नंबर लावू. परक्याची मिळंल कवातरी."

"कवा? लोक वाट बघून बघून जात्यात, म्हाईत हाय ना?"

तो भिंतीचा आधार घेत उठला. "आईचं दूध तापवतो," म्हणाला.

तेवढं एक काम त्यानं स्वतःकडं ठेवलं होतं. दुसरं काही झेपत नव्हतं. सुलक्षणालाही बरं वाटायचं, की निदान लेकाच्या हातचं तरी म्हातारी निमूट पिते.

ती धारा काढायला गोठ्यात गेली. म्हशीखाली बसल्यावर कळलं, बादली आतच राहिली. चरफडत ती परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

विक्रम खोक्यातलं दूध मोरीत ओतत होता. मग त्यानं फ्रीजमधलं पातेलं काढलं, जाडजूड साय पळीनं ओढून कपात घातली, वर म्हशीचं दूध ओतलं आणि कप गॅसजवळ ठेवला.

"अहो!"

त्यानं पळी खाली ठेवली. पण तो वळला नाही.

"रोज हेच करता?"

"व्हय."

"का? जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"तिला कापलेली मला बघवायची न्हाई," तो म्हणाला. "तिला यातलं काय बी म्हाईत न्हाई. तिला बोलू नकोस, सुलक्षणा. तुला लेकरांची आण हाय."

सुलक्षणाला रडावं की त्याला धरून गदागदा हलवावं, कळेना. एवढा मूर्खपणा! आणि आपण? एवढे दिवस त्या बिचारीला चोर ठरवलं, गावभर बदनाम केलं, आज लॅबच्या पायरीवर चारचौघांत टाकून बोललो. तिला स्वतःचीच लाज वाटली. आण गेली चुलीत. ती तडक ओसरीत आली आणि लसूण सोलत बसलेल्या मुक्ताबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आत्या, चुकलं माझं. तुम्ही काय सुदिक चोरून खाल्लं न्हाई. तुमचा लेकच तुम्हाला फसवत होता. खोक्यातलं फेकून सायीचं दूध पाजत होता. तुम्हाला कापायचं न्हाई म्हणतोय."

मुक्ताबाईचे हात थांबले.

"त्यानं सांगितलं असं?"

"आत्ताच. उद्यापास्नं दूध मी देते तुम्हाला. दोन महिन्यांत रिपोर्ट खाली आणते का न्हाई बघा!"

मुक्ताबाईनं तिचं डोकं पायावरून उचललं नाही. सुनेच्या केसांवरून ती नुसती हात फिरवत राहिली.

"सुले, त्या आपरेशनचं नाव काढलं की मला दरदरून घाम फुटतो," ती म्हणाली. "तुला सांगायची लाज वाटली, म्हणून एक दिवस त्याच्यापाशी रडले. तवापास्नं ती साय मीच मागून घेती गं त्याच्याकडं."