वस्तू कोणासाठी

हिरवा. हिरवा. हिरवा.

ट्रॅक्टरचे सुटे भाग, बुटांचे तळवे, पियानोच्या तारा.

एका लहान मुलीचा फोटो, भुवयांपासून नाकापर्यंतच.

"सासूबाईंचा आज मूड कसा आहे?"

कापसात गुंडाळलेलं काहीतरी, लिंबापेक्षा लहान.

लाल.

सासूबाई म्हणजे कस्टम्सची संगणक यंत्रणा. परदेशातून येणारा माल सोडवायला खिडकीवर येणारे एजंट तिला त्याच नावाने ओळखत. सगळं बघते, काही विसरत नाही, नाही म्हटलं की नाही. तिचा हिरवा दिवा लागला की माल न उघडता बाहेर. लाल लागला की खोकं तपासनीस बाईंच्या टेबलावर.

बाईंना ती यंत्रणा मनापासून आवडायची. पूर्वी याच खिडकीत संध्याकाळी आलेल्या साखरेचं सकाळपर्यंत कागदावर मीठ झालेलं असे. आता माल दाराशी पोचला की त्याच्या वर्णनातला कानामात्राही कुणाला हलवता येत नव्हता. तशी सोयच ठेवू नका, असं लेखी मागणाऱ्यांत बाई पहिल्या होत्या.

त्यांनी खोक्याची पट्टी कापली. आत कापूस, कापसात काचेचा एक डोळा. तपकिरी बुबुळ, मधोमध काळी बाहुली. पांढऱ्यावर कोपऱ्याकडे जाणारी एक बारीक लाल शीरसुद्धा रंगवलेली. त्याखाली तो फोटो, कारागिराला नमुना म्हणून पाठवलेला, मालाबरोबर परत आलेला.

पडद्यावर लिहिलं होतं: काचेचे डोळे, बाहुलीसाठी.

"मॅडम, चूक माझी," एजंट मान खाजवत म्हणाला. "खेळण्यांच्या कारखान्याचा माल मीच आणतो. मागचा अर्ज उचलला, नाव-पत्ता बदलला. वर्णन तसंच राहिलं."

सगळेच एजंट असे मागचा अर्ज उचलत. कारखान्याचा माल या वेळी घराच्या पत्त्यावर कसा निघाला, एवढंच सासूबाईंना खटकलं होतं.

एजंटाच्या शेजारी मुलीचा बाप उभा होता. बसच्या वर्कशॉपमधून तसाच आला होता. हात टेबलावर ठेवावेत की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"माझ्या मुलीचा आहे हो तो," तो म्हणाला. "डोळा काढला तेव्हा खोबणीचा आकार राहावा म्हणून आत वाटी बसवली होती. ती निघाली. डॉक्टर म्हणतात, खोबण आक्रसत चाललीय. उद्या बसला तर बसला. नाहीतर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा नवं माप. पहिल्याच ऑपरेशननंतर ती महिनाभर बोलली नव्हती."

"मी 'जुळत नाही' दाबलं तर हे मुख्य कचेरीत चौकशीला जाईल."

"मग कधी सुटेल?"

"आज शुक्रवार. पुढच्या आठवड्यात, लवकर झालं तर."

एजंट बापाच्या कानाशी वाकला, पण आवाज काही त्याला खाली आणता आला नाही. "दादा, मॅडम विचारतील वस्तू कोणासाठी. बाहुलीसाठी म्हणा. अर्जाशी जुळलं की सुटलं. एक शब्द तर आहे."

"माझ्यासमोर शिकवताय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा बघू."

एजंट दोन पावलं मागे गेला आणि तिथेच थांबला.

नियम सोपा होता. प्रश्न विचारायचा आणि माल घेणारा जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत भरायचं. कुणाच्या तोंडात शब्द घालायचा नाही, कुणाच्या तोंडातला काढायचा नाही. बाईंनी फोटो उचलला. फोटोतल्या डोळ्याच्या पांढऱ्यावरही ती शीर होती, त्याच कोपऱ्याकडे गेलेली. त्यांनी तो पालथा ठेवला आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"वस्तू कोणासाठी आहे?"

बाहेर मालाची गाडी मागे येताना पिपाणीसारखी वाजत राहिली. बाप पालथ्या फोटोकडे बघत होता.

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

"बाहुलीसाठी."

झोपलेल्या माणसाला हळूच हाक मारून बघावी, तसा त्याने तो शब्द उच्चारला.

बाईंनी तो भरला. खाली दोन चौकटी उघडल्या. जुळते. जुळत नाही. इतक्या वर्षांत त्या या यंत्रणेशी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. बोट क्षणभर वरच राहिलं.

जुळते.

हिरवा.

त्यांनी डोळा पुन्हा कापसात ठेवला, वर फोटो, झाकण, नवी पट्टी. बापाने शर्टाला हात पुसले आणि मगच खोकं घेतलं.

"बघा," एजंटाच्या जिवात जीव आला होता, "एका शब्दाचं तर काम होतं."

बापाने त्याच्याकडे पाहिलं नाही. फाटकापर्यंत गेला आणि भिंतीकडे तोंड करून, खोकं छातीशी धरून उभा राहिला. खिडकीतून बाईंना त्याची फक्त पाठ दिसत होती. आपण त्याला पोटच्या मुलीला खेळणं म्हणायला लावलं, असं त्यांना वाटत राहिलं. पडद्यावर ती नोंद तशीच होती. खोटी, आणि आता कुणालाच बदलता न येणारी.

पुढचं खोकं टेबलावर आलं. पडदे, सुती.

डोळा काढेपर्यंत त्या मुलीला घरात सगळे बाहुली म्हणत.