कोटाचं अस्तर

“कोट काढता का, काका?” आहारतज्ज्ञ ताईंनी नेहमीसारखं विचारलं.

“राहू दे. कोटाशिवाय शिंपी म्हणजे पिसं काढलेला कोंबडा.”

ताई हसल्या. खिडकीचा पडदा श्वास घेतल्यासारखा फुगला, बसला. उजेड फरशीवरून पाण्यासारखा सरकत होता. वजनकाट्याची पाटी पायाखाली किंचित डुलली आणि शिंपीकाकांना नावेत उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदा आले तेव्हा पोटाआड काटा दिसतच नव्हता. ताईंनी शेजारी उभं राहून वाचला होता. तीच रीत पडली.

“येत राहा,” असं ताईंनी तेव्हाच बजावलं होतं. “येणं थांबलं की वजन परत येतं. फार जणांचं पाहिलंय मी.”

काका येत राहिले. कोट सैल झाला, जिना सोपा झाला. बायको गेल्यापासून ‘काल काय जेवलात?’ असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. ठरलेलं वजन गाठलं की इथल्या भेटी बंद होतात, हे कळलं त्या रात्री ते उशिरापर्यंत शिवणयंत्रापाशी बसले होते.

“दोन किलो अजून जास्तच,” ताई म्हणाल्या. “किती दिवस झाले, काटा हलायला तयार नाही.”

“हट्टी आहे माझ्यासारखा.”

“नाही हो. माझाच आहारतक्ता चुकतोय बहुतेक. मोठे डॉक्टरही विचारत होते.” ताईंनी मान वर केली नाही.

ते वाक्य काकांना टाचणीसारखं टोचत राहिलं.

पुढच्या खेपेला ते आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर बसले. कात्रीच्या टोकानं कोटाचं अस्तर उसवलं. पडदा नीट लोंबावा म्हणून त्याच्या काठात घालतात त्या शिशाच्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या आणि पिशवीत टाकल्या. पिशवी बाकाखाली सरकवली.

“कोट काढता का, काका?”

“काढतो की आज.”

ताई क्षणभर थबकल्या. मग रोजच्यासारख्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाटी डुलली. काकांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात या खोलीचा निरोप घेतला.

“दोन किलो जास्तच,” ताई हळूच म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडून खाली पाहिलं. पोट आता आड येत नव्हतं. पाटीवर त्यांची दोन पावलं दिसत होती, आणि त्यांच्या शेजारी, कडेवर घट्ट दाबलेलं, ताईंच्या चपलेचं टोक.