नातीचं नाव

पोलिसाची होडी धक्क्याला लागली आणि हेस्टर आजीच्या घरातला ढोल एकदम गप्प झाला.

"आता काय करायचं, आत्याबाई?" सून लिडिया तान्ह्या मुलीला छातीशी धरून पुटपुटली. "पाहुण्यांच्या होड्या यानंच वाटेत अडवल्या. सगळे माघारी गेले."

पाहुणे नाहीत म्हणजे नाव नाही. आपल्याच माणसांनी ऐकलेलं नाव पक्कं होत नाही. परगावच्या माणसानं यावं, जेवावं, नाव ऐकावं, घरानं दिलेली भेटवस्तू घेऊन जावं, तेव्हा ते बसतं. आणि हे नाव साधं नव्हतं. कॅनडा सरकारनं नकाशावर रेघ मारली. खाडी घेतली, बेटं घेतली, नदीचं मुख घेतलं. इथल्या आदिवासींना राखीव म्हणून ठेवला तो मागे डोंगर, पुढे समुद्र असा चिंचोळा किनारा. पण नदी कोणत्या घराची, हे त्या नावात होतं. नाव वागवणारी आजीची बहीण साथीत गेली. आज ते नातीला मिळालं नाही, तर नदी दुसऱ्यांदा जाणार होती.

"रडू नकोस, दूध आटेल," आजी म्हणाली. "ढोलावर चटई टाक."

पोलीस आत आला. गोरा, कोवळा, चिंब भिजलेला. थंडीनं ओठ निळे पडलेले.

"इथं नावाचं जेवण आहे म्हणे. असल्या समारंभांना कायद्यानं बंदी आहे, ठाऊक आहे ना? तुरुंगात जाल, आजी."

"आज नाताळ आहे, साहेब. नाताळात जेवू पण नको? आणि उपाशी पोटी म्हाताऱ्यांना दटावायला तुमच्या आईनं शिकवलं का? बसा तिथं."

चुलीवर सामन मासा शिजत होता. पोलिसानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे. बसला. माशाच्या तेलाचा वास येताच त्यानं नाक मुरडलं, मग वाटी चाटूनपुसून साफ केली.

"कुठले तुम्ही?"

"हॅलिफॅक्सचा. देशाच्या दुसऱ्या टोकाला."

आजी उठली. मुलीला उचलून घेतलं आणि आपल्या भाषेत मोठ्यानं बोलू लागली. नदीच्या उगमापासून मुखापर्यंत सगळं बोलली.

"हे काय चाललंय?"

"बाळाचं नाव सांगतेय. बाळाला नाव ठेवायलाही बंदी आहे?"

तो ओशाळला. "तसं नाही. काय नाव आहे?"

आजीनं सांगितलं. त्यानं ते दोनदा घोळवून म्हटलं आणि बाळाकडे बघून हसला. निघताना आजीनं त्याच्या ओल्या खांद्यांवर नवी घोंगडी टाकली. तो लाजून आभार मानत गेला.

होडी लांब गेली तसा लिडियाला हुंदका फुटला. "तुरुंग टळला, आत्याबाई. पण पोरीचं नाव राहिलं."

"कुठं राहिलं? जेवला, नाव ऐकलं, घोंगडी घेऊन गेला. अगं, याहून परगावचा पाहुणा मी आणू तरी कुठून?"