सापडलेल्या वस्तूंचा डबा

परिपाठाला गौतमीनं सापडलेलं खोडरबर डब्यात टाकलं आणि सुरवसे बाई सवयीनं म्हणाल्या, “शाब्बास! पावसाची टाळी!” तळहातावर आधी एक बोट, मग दोन, असं करत तिसरीची पोरं धो धो टाळ्या पिटू लागली. बाईंचे हातही वाजत होते, पण ते आपले आहेत असं त्यांना वाटत नव्हतं. नवऱ्याचं तेरावं उरकून त्या शाळेत आल्या, तेव्हापासून भाकरीला चव नव्हती आणि रडूही येत नव्हतं.

सापडलेली वस्तू डब्यात टाकेल त्याला टाळी, हा नेम बाईंचाच. पण गौतमीला हल्ली रोजच काहीतरी सापडे आणि ते मागायला कुणीच येत नसे.

दुपारी बाईंनी गणितं घातली, तर ती हाताची घडी घालून बसलेली. दप्तरात पेन्सिल नाही, पट्टी नाही. बाईंनी डबा तिच्यापुढं ठेवला. “हे सगळं तुझंच ना गं?”

तिनं मान डोलावली.

“टाळीसाठी खोटं बोललीस?”

“टाळीसाठी नाही, बाई. टाळी वाजवताना तुम्ही हसता. एरवी नाही हसत.”

आपण हसतो, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. त्यांनी सगळं तिच्या दप्तरात भरलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला डबा रिकामा होता. पोरं वर्गाकडं वळणार, तोच बाईंनी तळहातावर एक बोट वाजवायला सुरुवात केली. टाळी कुणासाठी, ते पोरांना कळेना. गौतमी तेवढी बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.