शेवटचं सीलबंद खोकं

गिऱ्हाईक कमळाकरच्या नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीने गुणाजी मेकॅनिकच्या तोंडाला फेस आणला होता. मीटर लावून सगळं तपासलं, इंजिनातल्या कॅमशाफ्टचा सेन्सर मेलेला निघाला. नवा घातला, तोही मेला. आणि उद्या ह्याच गाडीतून कमळाकरच्या बायकोला मुंबईला ऑपरेशनला न्यायचं होतं.

मेलेल्या सेन्सरच्या लोखंडी टोकावर गुणाजी कानशीने तिरकी खाच पाडायचा, म्हणजे दुकानदार तोच माल पुन्हा गळ्यात मारणार नाही. आता तिसऱ्या सेन्सरचं सीलबंद खोकं फोडलं, तर आतल्या सेन्सरवर तीच खाच.

तो रोह्याहून तडक पेणला स्पेअरपार्टवाल्या हितेशच्या दुकानात धडकला. "मेलेला माल विकतोस? लाज नाय वाटत?"

"भाऊ, पार्सल आत्ता आलंय. सील तुम्हीच फोडा."

गुणाजीने फोडलं. खाच. दुसरं फोडलं. खाच, त्याच्याच डावऱ्या हाताची.

"हितेश, मस्करी करतोस काय रं?"

हितेशचा चेहरा पांढरा पडला होता.

शेवटच्या खोक्यातला सेन्सर मात्र कोरा निघाला. "सुटलो बाबा!" म्हणत गुणाजीने तो मुठीत घट्ट धरला.

मुठीत कानस चालावी तशी खरखर सुरू झाली. बोटांच्या फटींतून लोखंडाचा कीस काउंटरवर सांडू लागला.