भुवईची खूण

"टोपी घट्ट होतेय का?" लुर्देसनं विचारलं.

"माझं सोड. त्याची आवळ," एल्व्हियो म्हणाला.

टेबलापलीकडे डार्डो हसला. त्याच्या टकलावरही तशीच काळी टोपी होती, आतून बारीक दिव्यांची. दिवे कवटीतून उजेड सोडत आणि मेंदूत रक्त कुठे धावलं ते पडद्यावर उमटे. माणूस समोर बसलेल्या माणसाशी खोटं बोलतो तेव्हा दोघांच्याही डोक्यात काय चालतं, हे एल्व्हियोची मुलगी लुर्देस मोंतेविदेओच्या या प्रयोगशाळेत शोधत होती. तिला जुने दोस्त हवेत, एवढंच डार्डोला सांगितलं होतं.

खरं कारण एल्व्हियोनं महिनाभर मनात दाबून ठेवलं होतं. डार्डोची बहीण मरायला टेकली असताना एल्व्हियोचा हात धरून म्हणाली होती, "तुझ्या भावाची खबर कशी फुटली, ते डार्डोला पहिल्यापासून माहीत आहे."

लष्कराची राजवट होती तेव्हा. एल्व्हियोचा मोठा भाऊ अनिबाल आठवडाभर आईबापांच्या घरी, मागच्या खोलीत लपला होता. बाहेरच्यांपैकी फक्त डार्डोला ठाऊक होतं. तो कोपऱ्यावरच्या दुकानात काम करायचा आणि चोरून निरोप पोचवायचा. एका दुपारी शिपाई आले ते थेट मागच्या खोलीत घुसले. अनिबाल परत आला नाही. हाडंसुद्धा मिळाली नाहीत. आई दाराकडे बघत बघत गेली. आणि हा हरामखोर एवढी वर्षं दर शुक्रवारी एल्व्हियोचा जोडीदार म्हणून पत्त्यांचा ट्रुको खेळत होता, त्याच्याच हातचा माते, तो कडू पाल्याचा चहा, पीत होता!

"आधी एक डाव," लुर्देस पत्ते ठेवत म्हणाली. "थापा हव्या तेवढ्या मारा. फक्त खुणा करायच्या नाहीत."

"अगं पोरी, दोघांच्या डावात खुणा कुणाला करणार? भिंतीला?" डार्डो म्हणाला. "खूण जोडीदारासाठी असते."

डाव झाला. हातात काही नसताना डार्डोनं छाती पुढे काढून आव्हान दिलं आणि एल्व्हियोनं पानं टाकली. साफ फसला. त्याची कानशिलं तापली. किती सहज खोटं बोलतो हा माणूस!

"आता प्रश्न. पहिली उत्तरं खरी द्यायची, म्हणजे मला खरं कसं दिसतं ते कळेल. बाबा, ट्रुको कुणी शिकवला तुला?"

"अनिबालनं. त्याच आठवड्यात." एल्व्हियो डार्डोवरची नजर न हलवता बोलला. "नऊ वर्षांचा होतो मी. रात्री खिडक्या बंद करून खेळायचो. सगळ्यात मोठं पान आलं की भुवया उंचवायच्या, हे त्यानंच शिकवलं. शेवटच्या रात्री आई-बाबांना हरवलं. सकाळी पाव आणायला गेलो तर दुकानभर सांगत सुटलो, भुवया उडवून दाखवल्या सगळ्यांना. या डार्डोनं तोंडात लिमलेटची गोळी कोंबली माझ्या."

"फार बडबडत होतास," डार्डो हळूच म्हणाला.

"दोघांचंही खरं," लुर्देस पडद्याकडे बघत म्हणाली. "आता विचार तुझे प्रश्न."

एल्व्हियो पुढे झुकला. "अनिबाल आमच्या घरी आहे, हे तुला माहीत होतं?"

डार्डोचं हसू मावळलं. आपल्याला इथे कशाला आणलं, ते त्याला कळून चुकलं होतं. तरी तो उठला नाही.

"होतं."

"खबर कशी फुटली, तेही माहीत आहे?"

"एल्व्हियो, राहू दे ना रे आता."

"आहे की नाही?"

"आहे."

"तू फोडलीस?"

डार्डो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "मीच."

एल्व्हियोनं टेबल उलथलं. पत्ते खोलीभर उडाले. त्यानं डार्डोच्या थोबाडीत मारली, मग उलट्या हातानं आणखी एक. डार्डोनं हातसुद्धा वर केला नाही.

"माझ्या आईनं तुला जेवू घातलं, कुत्र्या! तिच्या प्रेताला खांदा दिलास तू! लाज नाही वाटली?"

डार्डोनं टोपी काढून जपून खुर्चीवर ठेवली. "शुक्रवारी दुसरा जोडीदार बघ," म्हणाला, आणि दार ओढून निघून गेला.

"ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं बोलला!" एल्व्हियो दाराकडे बघून गरजला. "सोडणार नाही मी त्याला. गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही!"

लुर्देस पडद्यासमोरून हलली नव्हती. "बाबा, यंत्र चुकतं कधी कधी. पण डार्डोकाकांची सगळी उत्तरं खरी दिसतायत. शेवटचं सोडून."

"काय बोलतेस?"

"फोडली मीच, हे खोटं आहे. कुणालातरी पाठीशी घालतायत ते."

"कुणाला? ती बहीण तर मेली!" एल्व्हियो ओरडला. "त्याच्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

त्यानं संतापानं खाली पडलेले पत्ते गोळा करायला घेतले. हातात आलेलं पान बघून सवयीनं त्याच्या भुवया वर गेल्या आणि तो तसाच थांबला. दुकानातली ती सकाळ आठवली. पाव, हसणारी माणसं, हातातली पिशवी टाकून त्याच्याकडे धावलेला डार्डो. गोळी तोंडात पडायच्या आधी कोपऱ्यातल्या एका अनोळखी माणसानं वर्तमानपत्र खाली केलं होतं आणि कौतुकानं विचारलं होतं, "आई-बाबा दोघंही समोर? मग भुवया कुणाला केल्यास रे, राजा?"